चाळीस मीटरची पट्टी

आसावरीने टेप तिसऱ्यांदा लावली. सौदीतल्या जुबैलच्या कंपाउंडमधल्या मैदानावर चुन्याने आखलेली चाळीस मीटरची पट्टी याही वेळी साडेअडतीस मीटरच भरली.

ती पट्टी तिच्या नवऱ्याने, उल्हासने, पावलं टाकून आखली होती. तिच्यावर लेक स्मृती पळाली, ती वेळ अमेरिकेतल्या एका कॉलेजला कळवली, आणि तिथल्या मुलींच्या फुटबॉल कोचने पूर्ण स्कॉलरशिप देऊ केली. स्मृती मात्र आठवडाभर "उद्या सांगते" म्हणत होती. आज शेवटचा फोन येणार होता.

घरी उल्हासने बसबूसाचा, रव्याच्या गोड वड्यांचा, अख्खा ट्रे आणून ठेवला होता. आकडा ऐकून तो हसला.

"अगं, दीड मीटरने काय होतंय? सगळेच वाढवून सांगतात."

"त्यांना सहा सेकंदांच्या आतली मुलगी हवी आहे. पूर्ण चाळीसला ही सहाच्या वर जाते."

"मोजायला सांगितलं होतं कोणी? टेप तरी कुठे मिळाली तुला?"

"स्मृतीच्या बुटांच्या पिशवीत."

दोघांनी वळून लेकीकडे पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला.

"यल्ला, चल, उचल आणि हो म्हण!" उल्हास ओरडला.

स्मृतीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि इंग्रजीत, एका दमात बोलून टाकलं, "कोच, आम्ही कळवलेली वेळ चुकीची आहे. आत्ता स्कॉलरशिप देऊ नका. जूनमध्ये मी येते, तुमच्या मैदानावर पळते, मग विचारा."