चालू डाव

दादा जाऊन महिना झाल्यावर धाकटीने त्याचा कॉम्प्युटर लावला. त्याचा अर्धवट राहिलेला गेम आपण पुरा करायचा, असं तिने मनाशी धरलं होतं. पण सेव्ह केलेला डाव काही केल्या लोड होईना. ‘हा डाव सध्या चालू आहे,’ एवढंच स्क्रीनवर येई.

तिने नेट काढलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. तरी तेच.

“फाइलची कॉपी काढ आणि ती उघडून बघ,” मैत्रिणीने फोनवर सुचवलं.

कॉपी झटकन उघडली. नदीकाठी दादाचा शिपाई उभा होता.

आई मागे येऊन थांबली. “एवढी नदी काही पार होत नाही, असं दवाखान्यातसुद्धा म्हणायचा गं.”

“आई, हा पलीकडच्या काठावर आहे.”

शिपायाच्या कपड्यांतून पाणी अजून निथळत होतं.