गुडघ्याची दाद

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. माझ्याच फजितीची गोष्ट सांगतो.

आमच्या इजिप्तमधल्या तांता शहरात सूर काळजाला भिडला की ऐकणारे "अल्लाह!" म्हणून दाद देतात. माझा आवाज ऐकून मात्र सगळे म्हणायचे, "शाकिर, बापाच्या दुकानात चणे भाज, बाबा." मीही गाणं सोडायलाच निघालो होतो. पण शिकवणीत मी तोंड उघडलं, की माझे उस्ताद शेख बद्रान कळवळून "अल्लाह!" म्हणायचे. त्या एका शब्दावर मी केस पिकेपर्यंत रियाज केला.

यंदा मौलिदच्या उत्सवात पैगंबरांची स्तुती गायलो, मैदान डोलायला लागलं. खाली उतरून थेट उस्तादांच्या हातावर ओठ टेकवले. म्हटलं, "उस्ताद, तुमच्या दादेवरच मी तगलो."

"कसली दाद रे?" उस्ताद चहाचा पेला ठेवत म्हणाले. "तू गायला लागलास की मी पळून जायला उठायचो, आणि हा मेला गुडघा अशी कळ मारायचा, की पुन्हा खाली बसून तुला शिकवावंच लागायचं!"



तेव्हा मंडळी, माझं गाणं कधी गोड लागलंच, तर दुआ मागताना त्या गुडघ्याची आठवण ठेवा.