ट्रम्पेटची जागा

ड्रमर स्टूल फिरवून उंची जमवत होता, तेवढ्यात ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. इस्पितळातून तशीच आली होती. हातांना अजून तिथल्या साबणाचा वास होता.

"वहिनी? तुम्ही इथं?"

"दौऱ्याला आजचा दिवस सुट्टी आहे, तुम्ही घरी आलाय, असं कळलं. माझा नवरा तिकडेच राहिला ना?"

"तिकडेच. रियाज करतो म्हणाला." त्यानं स्टूल आणखी एकदा फिरवलं. "आईंचं कसं आहे?"

"डॉक्टर म्हणतात, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. भाऊजी, एक दिवस. सकाळी येऊन संध्याकाळी गेला तरी चालेल. आईच्या घशाखाली पाणी उतरत नाही, पण शुद्धीवर आली की पहिलं जावयाचंच विचारते. हा म्हणतो, बँडचे मालक सोडत नाहीत. तुम्ही जरा शब्द टाका."

"टाकतो की. पण ट्रम्पेटशिवाय कार्यक्रम उभाच राहत नाही हो. कसं सोडतील?"

नवराही फोनवर हेच म्हणायचा. शब्दसुद्धा तेच.

टायरच्या दुकानावरची ती लांबट खोली. गल्लीतली हौशी मंडळी दर आठवड्याला इथं वाजवायची. गिटारवर बँकेतला कॅशियर, ट्रम्पेटवर दातांचे डॉक्टर. आज दौऱ्यावरचा खराखुरा ड्रमर साथीला म्हणून खुर्च्या पुरल्या नव्हत्या. "डॉक्टर, जोरात फुंका!" मागून कुणीतरी ओरडलं. "पुढच्या रांगेतल्या कवळ्या पडल्या तर गिऱ्हाईक तुमचंच!" सगळे हसले. ती भिंतीला टेकून उभी राहिली. आईजवळ मावशी होती. निघायला हवं होतं, पण ती ऐकत राहिली.

तिसरं गाणं नवऱ्याच्या बँडचंच निघालं. ते तिला पाठ होतं. घरात वर्षभर दुसरं काही वाजलंच नव्हतं. गाण्याच्या मध्यावर सगळी वाद्यं थांबतात, ड्रमसुद्धा. त्या शांततेत एकटा ट्रम्पेट वर चढत जातो आणि मग ड्रम त्याला अलगद खाली उतरवून घेतो. ती जागा तिच्या नवऱ्याची. सगळे लग्नाला नाही म्हणत असताना आईनं ती ऐकली होती आणि म्हणाली होती, "वाजवणारा माणूस घरात असलेला बरा."

गिटार थांबली. डॉक्टरांनी ओठ ओले केले, ट्रम्पेट उचलला, गाल फुगवले.

ड्रम थांबला नाही.

डोळे मिटून ड्रमर वाजवतच राहिला. ती सगळी जागा त्यानं एकट्यानं भरून काढली. हलक्या हातानं सुरुवात, मग चढ, शेवटी झांजेवर एक खोडकर टपली. आयत्या वेळी सुचलेलं ते नव्हतं. रोज रात्री वाजवून हातात बसलेलं होतं. डॉक्टरांच्या गालांतली हवा फुस्सकन निघून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिला आधी आनंदच झाला. चालतं की ट्रम्पेटशिवाय! मग सोडतील त्याला!

ड्रमरनं डोळे उघडले. खाली गेलेला ट्रम्पेट बघितला आणि मग नेमकं तिच्याकडे बघितलं. त्याचा एक ठोका चुकला. तेव्हा तिला कळलं.

मध्यंतरात ती त्याला जिन्यात घेऊन गेली.

"कधीपासून नाहीये तो बँडमध्ये?"

"वहिनी, ऐका..."

"कधीपासून?"

तो काठ्या हातात फिरवत राहिला. "दुसऱ्याच गावात सूर फाटला त्याचा. ऐन त्या जागेवर. लोक हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. मालकांनी बस थांबवून उतरवलं त्याला."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"शपथ घातली होती त्यानं. म्हणाला, सूर पुन्हा लागला की मीच घरी जाईन."

"आहे कुठं?"

त्यानं जिन्याखाली, रस्त्यापलीकडे बघितलं. "माझ्या घरी. चावी मीच दिली होती."

दोन गल्ल्या पलीकडे. तिची इस्पितळाची बस रोज त्याच घराखाली थांबायची.

ती जवळजवळ पळतच सुटली. मागून ड्रमर, काठ्या तशाच हातात. तिच्या डोक्यात राग नव्हता. राग मागाहून करता आला असता. रिक्षा कुठल्या नाक्यावर मिळेल, तो दाढी न करता आला तरी आईला काय कळणार आहे, एवढंच डोक्यात होतं.

दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. तिनं कडी वाजवली.

"अरे, मी आहे. ऊठ. आई चाललीय रे."

आत काहीतरी सरकलं. मग फटीतला उजेड गेला.

"चावी आहे माझ्याकडे," ड्रमर हळूच म्हणाला. "उघडू?"

तिनं नकारार्थी मान हलवली. पर्समधून फोन काढून नवऱ्याचा नंबर लावला. दाराआड घंटी वाजली. दोनदा वाजून कापली गेली. तिनं कपाळ दाराला टेकवलं. जरा वेळानं हातातला फोन थरथरला.

'स्टेजवर चढतोय. नंतर बोलू. आईंना सांग, येतोच.'

तिनं ते वाचलं. ड्रमरनंही वाचलं आणि मान फिरवली. तिनं डोळे पुसले नाहीत. अंगठ्यानं सावकाश एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'बरं. नीट वाजव.'

दाराच्या पलीकडे, अगदी तिच्या कपाळाजवळ, टिंग झालं.