झलकारीचं शेवटचं वाक्य

"मी त्यांच्यातली नाही, तरी..." इथपर्यंत येऊन स्वराली पुन्हा अडकली.

चर्चच्या हॉलमध्ये सगळे थांबले. हीटिंग बिघडलं होतं आणि प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती.

"अगं, बोल की!" सुचेताकाकू म्हणाल्या. "गोऱ्या जनरलच्या डोळ्याला डोळा भिडवून आलीस, आणि एवढ्याशा वाक्याला घाबरलीस?"

"विसरले, काकू."

विसरली? स्वराली? तिला तर सगळ्यांचेच डायलॉग पाठ होते! नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळींचं दिवाळीचं नाटक यंदा झाशीच्या वेढ्यावर होतं, आणि झलकारीची भूमिका तिनं ऑडिशनच्या दिवशीच खिशात टाकली होती. झलकारी म्हणजे विणकराच्या घरातली, कोरी समाजातली दलित बाई. राणीला निसटता यावं म्हणून राणीचा पोशाख घालून ती इंग्रजांच्या छावणीत शिरली, असं सांगतात. स्वराली लाकडी तलवार उपसून स्टेजवर आली, की पहिल्या रांगेतली पिल्लं खुर्च्यांमागे लपायची. इतकी भारी!

फक्त शेवट जमत नव्हता.

नाटक संपलं, की प्रत्येकानं पुढे यायचं, नाव आणि गाव सांगायचं आणि एक वाक्य बोलायचं, अशी त्यांची पद्धत होती. वाक्यं सुचेताकाकूच ठरवायच्या. स्वरालीचं होतं, 'मी त्यांच्यातली नाही, तरी आज मला त्यांचा अभिमान वाटतो.'

"मी फक्त नाव सांगू का?" स्वरालीनं विचारलं.

"छे! सगळं नाटक त्या वाक्यावर उभं आहे. आपल्यातल्या मुलीनं त्यांच्यासाठी उभं राहायचं, हाच तर मेसेज आहे."

"मम्मी, माझा तलवार परत तुटला!" मागून सुचेताकाकूंची कस्तुरी ओरडली. ती राणी होती.

"तुटली! तलवार ती असते."

"व्हॉटेव्हर. तुटली."

सगळे हसले. स्वराली हसली नाही.

पुढच्या रविवारी तिचे बाबा, विनय, तिच्यासोबत आत आले. पालक चहाभोवती उभे होते. ते कोणाशी न बोलता सरळ काकूंकडे गेले.

"ताई, ते शेवटचं वाक्य तेवढं काढाल का?"

"का हो?"

"ती ते म्हणणार नाही."

"ती म्हणणार नाही, की तुम्ही म्हणू देणार नाही?"

"आमच्या घरात ते चालणार नाही, असं समजा."

"कमाल आहे!" काकूंचा आवाज चढला. "इतकी वर्षं इंग्लंडमध्ये राहून हे? एका दलित बाईचा अभिमान वाटतो, एवढं पोरीनं म्हटलं तर काय बिघडणार आहे तुमचं?"

कपांचे आवाज थांबले. कुणीतरी उगाच खोकलं. विनयचे कान लाल झाले.

"वाक्य राहणार," काकू म्हणाल्या. "नाहीतर झलकारी दुसरी कुणीतरी करेल."

"बाबा, प्लीज," स्वरालीनं त्यांची बाही धरली. "मला करायचीय ती."

"मग म्हणशील ते वाक्य?" त्यांनी हळूच विचारलं.

स्वरालीनं खाली बघितलं. मग मान हलवली. नाही.

"झालं तर मग," काकू म्हणाल्या. "कस्तुरी, तू झलकारी. स्वराली, तू राणी. राणी केलेली चालते ना हो तुमच्या घरात?"

"चालेल," विनय म्हणाले.

झलकारीचा कमरपट्टा स्वरालीनं स्वतःच कस्तुरीला बांधला. "आय ॲम सो सॉरी," कस्तुरी कुजबुजली. "तुझे बाबा खूपच ओल्ड-फॅशन्ड आहे."

"ते तसे नाहीयेत."

"देन व्हाय?"

"सरळ उभी राहा," स्वराली म्हणाली आणि गाठ करकचून ओढली.

दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉल खचाखच भरला. राणी पहिल्या अंकातच किल्ल्याबाहेर निसटते, त्यामुळे स्वराली लवकर मोकळी झाली. मग ती विंगेत, अंधारात उभी राहिली. छावणीत शिरल्यावर कस्तुरीची दांडी गुल झाली. एक शब्द आठवेना. विंगेतून स्वराली एकेक वाक्य पुरवत गेली आणि कस्तुरी ते लोकांना ऐकवत गेली.

शेवटी कस्तुरी पुढे आली. "मी कस्तुरी. माझं गाव सातारा. मी त्यांच्यातली नाही, तरी आज मला त्यांचा अभिमान वाटतो!"

लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"मी स्वराली," पाठोपाठ स्वराली म्हणाली. "मी इथलीच. नॉटिंगहॅमची." तेवढंच. टाळ्या वाजल्या, वाजायच्या म्हणून.

बाहेर भुरभुर पाऊस होता आणि चारलाच अंधारून आलं होतं. कार पार्कमध्ये सुचेताकाकू मुद्दाम तिच्यामागे आल्या. बाबा पुढे होते.

"नाराज नको होऊस, बाळा," त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घरच्यांचे विचार बदलायला वेळ लागतो. तू मात्र त्यांच्यासारखी होऊ नकोस हं."

"हो, काकू."

स्वराली गाडीत बसली. विनयनी इंजिन सुरू केलं, पण गाडी हलवली नाही. काकू आणखी कुणाशी तरी बोलत तिथेच उभ्या होत्या. विनयनी काचा वर केल्या, चारही.

मग स्वरालीनं व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र झाली होती, तरी आजी जागीच होती. नऊवारीचा पदर सावरून, नात कशी दिसते ते बघायला फोन अगदी नाकाशी धरून बसली होती.

स्वरालीनं एकदा काचेबाहेर बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "जयभीम, आजी."