तीस फुटांचा कळक

ऊन अजून जमिनीवर उतरले नव्हते. चिंचवडच्या वखारीत बाभळीला टेकवून उभ्या केलेल्या कळकांच्या, जाड बांबूंच्या, शेंड्यांवर ते आधी आले, तिथे बराच वेळ रेंगाळले आणि मग एकेक पेर चाचपत खाली सरकू लागले. पौषातले ऊन, त्यात ऊब नव्हती, नुसता रंग होता, विटलेल्या हळदीसारखा. ते अर्ध्यावर आले तेव्हा पिवळ्या सालींवर दवाची ओली चकाकी उमटली. बुंध्यांशी मात्र अजून पहाटच साचून राहिली होती. ज्योतीराम मान वर करून पाहत होता. उंचीचे असेच असते, त्याला वाटले. जे काही दुरून येते ते आधी उंचावरच्याला मिळते.

त्याच्या बायकोने, इंद्रायणीने, त्याच्या कोपराला हात लावला. "ते विचारताहेत."

वखारवाला बरकतभाई समोर उभा होता. "किती फूट, म्हटलं."

"तीस," ज्योतीराम म्हणाला. "वायरलेसच्या एरियलसाठी. छपरावर तार आहे, पण फार खाली आहे."

"एवढ्या जोरात कशाला, राव? मी इथंच आहे." बरकत हसला. "कंपनीत घणाच्या शेडमध्ये ना तुम्ही? तिकडचे सगळे असेच. मग लोखंडी पाइप न्या. नातवापर्यंत टिकेल."

"दोन महिन्यांचा पगार जाईल त्यात."

"सागाचा वासा?"

"तोही झेपणार नाही."

"मग राहिला आमचा कळक," बरकत म्हणाला आणि कोयता घ्यायला छपरीत गेला.

ज्योतीरामच्या खिशात हुबळीहून आलेले कार्ड होते. त्याने स्वतः जोडलेल्या सेटवर हुबळीचे एक मास्तर दर रविवारी सकाळी सात वाजता मोर्सच्या टिपक्या-रेघांत त्याला हाक मारीत. तीन वर्षे हे चालले होते. दोघांनी एकमेकांचा चेहरा पाहिला नव्हता, आणि ज्योतीरामला जे कुणाशीच बोलता येत नसे ते सारे तो त्या एका माणसाशी बोलत आला होता. दिवाळीपासून हुबळी पुसट होत गेली. गेल्या रविवारीही हेडफोनमध्ये नुसती राख पडत असल्यासारखी खरखर होती. कार्डावर मास्तरांनी लिहिले होते : 'मी नेहमीप्रमाणे हाक मारतो. मी बोलत असतानाच आपण मध्ये बोलू लागता. माझा कंटाळा आला असल्यास स्पष्ट कळवावे. पुढील रविवारनंतर मी त्रास देणार नाही.'

उत्तर लिहायला त्याने पेन उचलले नव्हते. उत्तर तीस फूट उंच असायला हवे होते.

बरकतने दोन कळक आडवे करून ओंडक्यांवर ठेवले. दोन्ही सरळ, दोन्ही सारख्याच जाडीचे. "यातला एक अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला आहे. दुसरा चांदण्यात. चांदण्यातल्याला भुंगा लागतो, आतून पोखरतो. दिसत नाही, पण आवाज लपत नाही. गिऱ्हाइकानं आपल्या कानानं निवडायचा, ही आमच्या वडिलांपासूनची रीत. उद्या मोडला तर बरकतला शिव्या नकोत."

त्याने कोयत्याच्या पाठीने एकावर ठोका दिला. मग दुसऱ्यावर. "बोला."

ज्योतीराम थोडा पुढे वाकला. "पुन्हा."

बरकतने पुन्हा ठोके दिले.

"हा," ज्योतीराम म्हणाला. जास्त पिवळा होता त्यावर त्याने हात ठेवला.

"थट्टा करता का गरिबाची?" बरकत हसू लागला. "अहो, भिंतीवर थापटल्यासारखा बद्द वाजतोय तो! आमची छबू शेळीसुद्धा..." तो मध्येच थांबला. त्याने इंद्रायणीकडे पाहिले. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत खाली पाहत होती.

त्यानंतर बरकत हसला नाही. तो ज्योतीरामच्या अगदी समोर आला आणि घरातल्या थकलेल्या माणसांशी बोलतात तसा, मोठ्याने आणि सावकाश म्हणाला, "दादा, हा नका घेऊ. तो दुसरा घ्या."

"मला हाच हवा."

"पोखरलेला आहे, दादा."

"निवड माझी आहे ना? ही तुमचीच रीत."

बरकतने कळक उचलून त्याच्या खांद्यावर दिला. ज्योतीरामने नाणी पुढे केली. बरकतने त्यातली अर्धी परत त्याच्या तळहातावर ठेवली आणि तोंड फिरवले.

ते रस्त्याला लागले. पुढचे टोक ज्योतीरामच्या खांद्यावर, मागचे इंद्रायणीच्या. ऊन आता पायांपर्यंत आले होते. चालताना कळकातून बारीक पिवळा भुसा गळत होता आणि त्याच्या बाहीवर बसत होता. भुसा झटकून तो मनाशी कळकाला आधाराच्या ताणाच्या दोऱ्या कुठे बांधायच्या, तार कोणत्या दिशेला ओढायची याचा हिशेब करीत राहिला. पुढच्या रविवारी हुबळी येईल. यायलाच हवी.

एकाएकी कळक मागे हिसकला गेला. तो धडपडत कडेला झाला आणि त्याच क्षणी विटांनी भरलेली लॉरी त्याच्या अंगावर धूळ उडवीत निघून गेली. ड्रायव्हर खिडकीतून मान काढून तोंड हलवीत होता.

"हाक मारता येत नाही?" ज्योतीराम इंद्रायणीवर खेकसला. "ओढायचं काय असं जनावरासारखं?"

इंद्रायणीचा चेहरा पांढरा पडला होता. खांद्यावरचे टोक तिने अजून दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. तो आपल्या ओठांकडे पाहील इतका वेळ ती थांबली.

"तीनदा मारली," ती म्हणाली.

त्याने आपल्या हाताकडे पाहिले. बाहीवर पुन्हा भुसा जमला होता. छपरावरची तार होती तिथेच पुरेशी उंच होती. त्याला ऐकू येत नव्हते.