पाच अंश

"वळवा," अख्तरीबाई काचेआडून म्हणाल्या. "टाच आत. अजून."

हरिदासनं पोराची टाच धरली होती. दुसरा हात नडगीवर. अंगावर शिशाचा एप्रन, हातांत शिशाचे जाड मोजे. एक्स-रे काढताना पाय वळवून धरायचं यंत्र या दवाखान्यात नव्हतं. सोबत आलेल्या माणसानंच धरायचं, अशी इथली रीत.

उजवा पाय चांगला. तो झाला. सांधा चार अंश उघडला.

आता डावा.

डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. चांगल्या पायापेक्षा हा पाच अंशांहून जास्त उघडला, तर घोट्याचे बंध तुटले असं समजायचं. सहा महिने जंगलातली ड्यूटी बंद. पाच किंवा त्याच्या आत, तर राजदीप सोमवारी परत पोलीस पोस्टवर. भामरागडच्या पुढं. गेल्या महिन्यात नाला ओलांडताना घोटा मुरगळला. त्यानंतर सपाट जमिनीवरही दोनदा दगा दिला. समोरून गोळी सुटली, पळायची वेळ आली आणि तिसऱ्यांदा...

हरिदासचा विचार रोज इथवरच येऊन थांबायचा.

"हळू, बाबा," राजदीप म्हणाला. "माह्या जागी जिशान बसून हाय तिथं. पोरगी झाली त्याले. अजून पाह्यली नाई त्यानं."

"मंग?"

"मंग काई नाई."

टाच हलेना. मोज्याच्या आत हरिदासला काही उमगेना. दुखण्यानं घट्ट झालाय पाय, की पोरगा घट्ट करतोय? तीस वर्षं तो राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत छत तपासत आला होता. आधी लोखंडी सबलीनं ठोकायचं, मग हाताचा उघडा तळवा दगडाला लावायचा. फट केसभर वाढली तरी तळव्याला आधी कळतं, पट्टीला मागून. वाढली की एकच हाक: माणसं वर काढा.

अख्तरीबाई बटणाकडे वळल्या. त्यानं मोजे काढले.

कळलं. पोटरी दगड झालेली. पोरगा धरून होता.

बापानं जोर लावला. पोरगा धरून.

"श्वास रोखा."

खट.

ओली फिल्म दिव्यासमोर टांगली गेली. डॉक्टरांनी तिच्यावर मेणाच्या पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या, शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक ठेवला.

"नऊ. म्हणजे फरक पाच. बरोबर पाच."

पाच म्हणजे सोमवार.

"आणि ही बोटं कोणाची?"

घोट्याभोवती हाडं उमटली होती. गाठाळ, पांढरी, आवळलेली. करंगळीला शेवटचं पेर नव्हतं. ते खाणीतच राहिलं होतं.

"मोजे काऊन काढले, भाऊ?" अख्तरीबाई म्हणाल्या. "मी काय हौसेनं लपते काय त्या काचेमागं? किरणं हाडात जातेत."

"मोज्यात समजत नाई, बाई."

डॉक्टर अजून फिल्मच पाहत होते. "यानं पाय ताणून धरलाय. हे माप खरं नाही. पुन्हा काढू. ढिला सोडेपर्यंत काढत राहावं लागेल."

राजदीप त्या बोटांकडे पाहत होता. घोट्याकडे त्यानं पाहिलंच नाही.

"या खेपेले मोजे घाला, बाबा."

"नाई."

"आणखी दहा काढले तरी?"

"दहा काढले तरी."

पुन्हा टेबल. पुन्हा टाच. उघडे हात.

हरिदासनं होता नव्हता तेवढा जोर एकवटला आणि तो वाया गेला. पाय आपणहून वळला. वळतच गेला. आत कुठंतरी बारीक टक् झालं, छत बसण्याआधी होतं तसं. राजदीपनं ओठ दाताखाली धरला. पाय मात्र सोडून दिलेला, झोपलेल्या लेकरासारखा.

अशा आवाजाला खाणीत माणूस मागं न पाहता पळतो. हरिदासनं टाच सोडली नाही.

"बाई," तो काचेकडे न पाहता म्हणाला, "लवकर करा. माणूस खाली हाय."