ओल्या पुठ्ठ्याचा वास

वडिलांनी बूच काढलं आणि वास थेट शेगडीपर्यंत आला. ओल्या पुठ्ठ्याचा, तळघरात वर्षभर कुजत पडलेल्या खोक्याचा. भोपळ्याच्या फोडी भाजायला लावणाऱ्या मुलीचा हात थांबला. बूच खराब निघालं की वाइन अशी मरते, आणि मेलेली वाइन ओळखण्यात वडिलांचा हात धरणारा गल्लीत काय, शहरात कोणी नव्हता. आता ते "गेली" म्हणतील आणि बाटली मोरीत उपडी करतील, म्हणून ती वाट बघत राहिली.

दुपारचे साडेचार वाजले होते. घराखालचा त्यांचा वाइन बार उघडायला दीड तास होता. रोज या वेळी बापलेकीचं हेच चाले. त्यांनी बाटल्या उघडून वास घ्यायचा, तिने सकाळी बाजारात जे ताजं मिळालं त्याचं काय केलंय ते सांगायचं, आणि मग कशाबरोबर काय हे फळ्यावर लिहायचं. त्यांनी मान हलवल्याशिवाय खडू फळ्याला टेकत नसे. गिऱ्हाइकं त्यांना नाकवाले म्हणत. त्यांच्या वाइनही जगावेगळ्या: गढूळ, आंबूस, कुठल्या तरी डोंगरामागच्या, नाव घेताना जीभ अडखळावी अशा. असली वाइन बिघडली आहे की मुळातच तशी आहे, हे सांगायला एक भरवशाचा माणूस लागतो. तो इथे होता, म्हणून तर लोक डोळे मिटून पीत होते.

वडिलांनी बोटभर वाइन ग्लासात ओतली, फिरवली, नाक आत घातलं.

"सुंदर," ते म्हणाले. "नाशपाती. मागून ओली माती. भोपळ्याबरोबर लिही."

तिने खडू उचलला नाही. गेल्या महिन्यात तीन बाटल्या टेबलावरून परत आल्या होत्या. लोकांच्या जिभेला अजून वळण नाही, असं म्हणून वडिलांनी विषय उडवून लावला होता आणि तिनेही मान डोलावली होती. स्वतःच्या जिभेपेक्षा त्यांच्या नाकावर तिचा विश्वास जास्त, अगदी लहानपणापासून.

"बाबा, परत एकदा बघता?"

त्यांनी ग्लास पुन्हा नाकाशी नेला. पण ते ग्लासात बघतच नव्हते. ते तिच्या कपाळाकडे, तिच्या ओठांकडे बघत होते, परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावणाऱ्या पोरासारखे. अलीकडे बाटली उघडली की ते ग्लास आधी तिच्या हातात देत, "तू सांग बरं" म्हणत. बाबा आपल्याला तयार करताहेत म्हणून ती मनातून फुलून जायची. ज्या दिवशी ती शेगडीपाशी अडकलेली असे, त्याच दिवशीच्या बाटल्या परत आल्या होत्या.

तिने चेहरा कोरा ठेवला. हा दुष्टपणा आहे हे तिला कळत होतं, पण खात्री करून घ्यायचीच होती.

"जरा बंद, दबलेली वाटतेय का?" त्यांनी विचारलं. "नाही, तशी बरी आहे," असंही त्यांनी म्हणून बघितलं. मग त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"असा चेहरा करू नकोस गं. मग मला काहीच कळत नाही."

तिने बाटली मोरीत ओतून टाकली आणि कधीपासून, म्हणून विचारलं. थंडीत तो ताप आला तेव्हापासून, ते म्हणाले. वास येईल परत म्हणून वाट बघितली. डॉक्टरांनी आता आशा सोडा म्हणून सांगितलं होतं. हे सगळं त्यांनी एखाद्या तिऱ्हाइताची हकीकत सांगावी तसं सांगितलं, आणि तेच तिला सोसवेना. होईल सगळं ठीक, असं म्हणावंसं तिला फार वाटलं. त्याऐवजी जे म्हणायला हवं होतं ते ती म्हणाली.

"आजपासून वास मी घेईन, बाबा. तुम्ही नुसतं ओता."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ ते एकच ग्लास पुसत राहिले.

"मग आधी एक काम कर. वर माझ्या कपाटात तुझ्या आईची शाल आहे, पिशवीत बांधून ठेवलेली. शालीला अजून तिचा वास येतो का, तेवढं बघून ये. मी रोज बघतो. वास शालीतूनच गेला की माझ्यातून, ते मला कळत नाही."

ती वर गेली. पिशवीची गाठ घट्ट होती, दातांनी सोडवावी लागली. आई जाऊन चार वर्षं झाली होती. शाल नाकाशी धरली आणि आई खोलीत आली: तो साबण, ते सांधेदुखीचं तेल, आणि मानेपाशी कुशीत शिरल्यावर यायचा तो उबदार वास. काही म्हणजे काही कमी झालं नव्हतं.

"आहे का गं?" जिन्याखालून वडिलांनी विचारलं.

तिने शालीतून तोंड बाहेर काढलं आणि आवाज नीट केला.

"नाही बाबा. काहीच नाही उरलं."

खालून ग्लास फळीवर ठेवल्याचा आवाज आला.

"बरं झालं," ते म्हणाले. "म्हणजे माझं काही हुकलं नाही."